गावाच्या शिवारात ग्रिड-बॅटरी उभी करायची तर: नव्यानं या कामात आलेल्यांसाठी

बॅटरी प्रकल्पाची सुरुवात जमीन शोधण्यापासून करू नका. सोलरमधून या कामात आलेले बहुतेक जण तीच सुरुवात करतात, कारण एका मेगावॅटला चार एकर हा सोलरचा हिशेब डोक्यात पक्का बसलेला असतो. बॅटरीला इतकी जागा लागतच नाही. १०० मेगावॅट / २०० मेगावॅट-तास क्षमतेचा प्रकल्प स्वतःच्या स्विचयार्डसकट सात-आठ एकरांत आरामात बसतो. एवढी जमीन कुठंही मिळते. अडतं ते सबस्टेशनमध्ये, रस्त्यावरच्या मोरीवर आणि ग्रामसभेत. बॅटरीचे कंटेनर सगळ्यात शेवटी येतात आणि सगळ्यात लवकर बसतात.

कंपनीत साइटचं, जमिनीचं किंवा परवानग्यांचं काम नुकतंच हाती आलेल्यांसाठी हे लिहितोय. पण ज्या शेतकऱ्याच्या किंवा सरपंचाच्या दारात अशी कंपनी येऊन उभी राहिली आहे, त्यांनीही वाचावं. दोघांना एकच माहिती असेल तर बोलणी लवकर आटोपतात. उदाहरण म्हणून १०० मेगावॅट / २०० मेगावॅट-तासाचाच प्रकल्प धरू.

आधी हे दोन आकडे

मेगावॅट म्हणजे एका वेळी किती जोरानं वीज देता येते, आणि मेगावॅट-तास म्हणजे एकूण किती वीज साठते. आपली बॅटरी पूर्ण जोरानं दोन तास चालेल. २०० मेगावॅट-तास म्हणजे २ लाख युनिट. महिन्याला १०० युनिट जाळणारी २,००० घरं महिनाभर चालतील एवढी वीज ती एका संध्याकाळी देऊन टाकते.

संध्याकाळीच का? कारण दुपारी आता सौर वीज भरपूर आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात २०२४ मध्ये सुरू झाला, अवघ्या ३ मेगावॅटचा. त्यानंतर शेतीपंपांना दिवसा वीज देणारे असे प्रकल्प राज्यभर उभे राहत आहेत. दुपारची वीज स्वस्त होत चालली आहे आणि दिवेलागणीनंतरची महागच आहे. दुपारी भरायची आणि संध्याकाळी सोडायची, एवढाच बॅटरीचा धंदा.

पैसे बहुतेक वेळा भाड्याच्या रूपात मिळतात. वीज कंपनी बॅटरी वापरते आणि दर मेगावॅटमागे दरमहा ठरलेली रक्कम देते. २०२२ मध्ये सौरऊर्जा महामंडळाच्या म्हणजे सेकीच्या पहिल्या मोठ्या निविदेत हा दर १०.८४ लाख रुपये आला होता. २०२५ पर्यंत केंद्राच्या अनुदानासह निविदा दोन-सव्वादोन लाखांवर उतरल्या. सव्वादोन लाख धरले तर १०० मेगावॅटचे महिन्याला सव्वादोन कोटी, वर्षाला २७ कोटी. हा आकडा लक्षात ठेवा, जमिनीच्या बोलणीत कामाला येईल.

भाडं मिळण्याच्या अटी कडक असतात. निविदांमध्ये बॅटरी ९५ टक्के वेळ हजर पाहिजे आणि भरलेल्या विजेतली किमान ८५ टक्के परत मिळाली पाहिजे, असं साधारण असतं. २०० मेगावॅट-तास परत द्यायचे तर सुमारे २३५ भरावे लागतात. मधले ३५ मेगावॅट-तास, म्हणजे रोजचे ३५ हजार युनिट, ट्रान्सफॉर्मर, इन्व्हर्टर, सेल आणि त्यांना थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत जातात. ८५ चा आकडा गाठताना घाम फुटतो तो मे महिन्यात. त्याबद्दल पुढे.

पायरी १: सबस्टेशनच्या गेटवर जा

नकाशावर महापारेषणची १३२ आणि २२० केव्हीची उपकेंद्रं शोधा आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जा. तीन गोष्टी बघायच्या. मोकळा बे आहे का, म्हणजे ब्रेकर, आयसोलेटर आणि प्रवाह-दाब मोजणारे सीटी-पीटी यांचा आणखी एक संच बसेल एवढी पट्टी शिल्लक आहे का. नसेल तर कुंपणाच्या आत यार्ड वाढवायला जागा आहे का. आणि तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर व तिथून निघणाऱ्या लाइनींवर दुपारी आणि संध्याकाळी किती भार असतो. तिसऱ्याचं खरं उत्तर लोड फ्लो अभ्यासातूनच, म्हणजे कुठल्या लाइनीतून किती वीज वाहील याच्या गणितातूनच मिळतं, पण तिथल्या ऑपरेटरशी अर्धा तास बोललात तरी अंदाज येतो. कुठली लाइन उन्हाळ्यात ट्रिप होते आणि कुठला ट्रान्सफॉर्मर तापतो, हे त्याला तोंडपाठ असतं.

मग महापारेषणकडे ग्रिड जोडणीचा अर्ज. लक्षात घ्या, बॅटरी दोन्ही बाजूंनी त्रास देऊ शकते. संध्याकाळी ती १०० मेगावॅट देते आणि दुपारी शंभराहून जास्त ओढते. अभ्यास दोन्ही दिशांचा करून घ्या. सोलरचा नमुना अर्ज कॉपी करून पाठवला की नेमकी ओढण्याची बाजू राहून जाते.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या जेम्सटाउन या छोट्या गावाजवळची हॉर्न्सडेलची बॅटरी २०१७ मध्ये जगभर गाजली. १०० मेगावॅटची बॅटरी १०० दिवसांत नाही उभारली तर फुकट, अशी ती पैज होती. पैज जिंकली, पण दोन गोष्टी बातम्यांत मागे पडल्या. १०० दिवसांचं घड्याळ ग्रिड जोडणीचा करार झाल्यावर सुरू झालं, आणि शेजारी पवनचक्क्यांचा प्रकल्प व त्याची वीजजोडणी आधीच उभी होती. अवघड भाग उरकलेला होता. तुमचा बॉस हॉर्न्सडेलचं उदाहरण देऊन "एवढ्यात व्हायला काय हरकत आहे" म्हणाला, तर त्याला हे सांगा.

मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मरही याच टप्प्यावर बुक करा. कारखान्यांकडे रांग असते आणि वर्षभर थांबावं लागू शकतं. निविदेत मुदत मिळते साधारण दीड-दोन वर्षांची.

पायरी २: जमीन, आणि सातबाऱ्यावर न दिसणारं

सबस्टेशन पक्कं झालं की त्याच्याभोवती एक-दोन किलोमीटरच्या आत जमीन बघायची. लांब गेलात की लाइन ओढावी लागते आणि प्रत्येक टॉवर म्हणजे नवा शेतकरी, नवी बोलणी. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला धरला आहे. हे आकडे शेतकऱ्यांना माहीत असतात. तुम्हालाही माहीत हवेत.

सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा, वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्या. 'इतर हक्क' रकाना शेवटपर्यंत वाचा. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता सगळं तिथंच लपलेलं असतं. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर परवानगीचे महिने मोजून ठेवा. आदिवासी खातेदाराची जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ खाली येते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिचा भाडेपट्टाही होत नाही आणि तो नियम योग्यच आहे. गायरानाच्या वाटेला खासगी कंपनीनं जाऊच नये. सौर वाहिनी योजनेला सरकार स्वतः जमीन देतं, ती गोष्ट वेगळी.

कागदावर न दिसणारी मोठी अडचण म्हणजे सामायिक खातं. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असतात आणि बहिणींची चढवायची राहिलेली असतात. त्यांचा हक्क कायद्यानं आहे. मोठे भाऊ म्हणतात, "ताई काही म्हणायच्या नाहीत." म्हणू देत. ताईंना भेटा आणि त्यांची सही घ्या. भाडं सुरू झालं की ताईंचे जावई हमखास म्हणतात.

भाडेपट्टा एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर तो नोंदणीकृतच लागतो. अकृषक वापराचे नियम गेल्या काही वर्षांत वरचेवर बदललेत, म्हणून जुन्या प्रकल्पाची फाइल पाहून पुढं न जाता तहसील कार्यालयात आजचा नियम विचारा.

आता दर. सौर वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर आहे, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार. गावात बोलणी या आकड्यापासूनच सुरू होते. माझं मत सांगतो. आठ एकरांना एकरी लाख रुपये दिले तरी वर्षाला ८ लाख होतात. वरचे २७ कोटी आठवा. सोलरमध्ये जमीन हा मोठा खर्च असतो, बॅटरीत तो किरकोळ आहे. तिथं पाच-दहा हजारांसाठी दोन महिने घासाघीस करणारा माणूस कंपनीचं नुकसान करत असतो. चांगला दर द्या. बदल्यात स्पष्ट सीमा, मोकळा रस्ता आणि भविष्यात कंटेनर वाढवायला शेजारची दोन एकर राखून ठेवा. ती दोन एकर लागणारच आहेत, कारण सेलची क्षमता दरवर्षी थोडी थोडी उतरते आणि करारातली क्षमता टिकवायला काही वर्षांनी नवे कंटेनर जोडावे लागतात.

पायरी ३: ग्रामसभा

ग्रामपंचायतीचा ठराव हा फाइलीतला एक कागद समजून सरपंचांच्या घरी चहा पिऊन तो मिळवता येतो. असे ठराव पुढच्या निवडणुकीनंतर उलटे फिरतात. ग्रामसभेत जा, पडद्यावर इंग्रजी स्लाइड दाखवू नका आणि प्रश्न घ्या. प्रश्न ठरलेलेच असतात.

पाऊस पळेल का? हसू नका. पवनचक्क्या आल्या तेव्हा सांगली-साताऱ्याकडे हाच आरोप झाला होता आणि दुष्काळात माणसाला कारण हवं असतं. सात-आठ एकरांतल्या बंद कंटेनरांचा ढगांशी संबंध नाही, एवढं सरळ सांगा.

आमच्या गावाला चोवीस तास लाइट मिळेल का? इथं गोड बोलण्याचा मोह होतो. उत्तर 'नाही' आहे. बॅटरी १३२ किंवा २२० केव्हीला जोडलेली असते आणि गावाचा ट्रान्सफॉर्मर ११ केव्हीवर. बॅटरीतली वीज राज्याच्या ग्रिडला जाते. गावाला काही हवं असेल तर ते वेगळं मागायचं: शाळेवर सौर पॅनेल, पाणीपुरवठ्याच्या विहिरीला बॅकअप, जुना गावठाण ट्रान्सफॉर्मर बदलायला पाठपुरावा. हे करारात लिहून घ्या. सरपंचांनो, सौर वाहिनी योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल ५ लाख मिळतात, पण ती तरतूद त्या योजनेपुरती आहे. खासगी बॅटरी प्रकल्पाला ती आपोआप लागू होते असं धरून चालू नका. कर आकारणी मात्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ खाली तुमच्याच हातात आहे. ती कशी होणार, हे काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी कागदावर आणावं.

नोकऱ्या किती? बांधकामात शे-दीडशे माणसं काही महिने. नंतर पहारेकरी धरून डझनभर. तेवढंच सांगा. जेसीबी, हायवा, पाण्याचे टँकर, डबे ही कामं गावात द्या, पण दर आणि कामाचं मोजमाप आधी लिहून ठेवा. मुरूम कुठून उचलता ते बघा. रॉयल्टी न भरता शेजारच्या टेकाडावरून मुरूम काढला तर तहसीलदार बाजारभावाच्या पाचपट दंड लावू शकतात. तो लागतो गावातल्या हायवावाल्याला आणि बोट कंपनीकडे दाखवलं जातं.

आवाज. हा प्रश्न गावात कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हीच काढा. कंटेनरचे पंखे आणि इन्व्हर्टर सगळ्यात जोरात चालतात ते बॅटरी रिकामी होत असताना, म्हणजे नेमकं जेव्हा लोक जेवून ओट्यावर बसलेले असतात. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. वस्तीपासून दीड-दोनशे मीटर अंतर ठेवा, पंख्यांची तोंडं वस्तीकडून फिरवा, आणि काम सुरू होण्याआधीच्या शांत रात्रीचा आवाज मोजून ठेवा. नंतर तक्रार आली तर तुलना करायला तोच आकडा कामी येतो.

उरला आगीचा प्रश्न. त्याला स्वतंत्र पायरी लागते.

पायरी ४: आग

"आग लागतच नाही" असं ग्रामसभेत म्हणू नका. मोबाइलवर व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात.

एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, सरप्राइज नावाच्या शहरात २ मेगावॅटच्या बॅटरीत एका सेलपासून धुमसणं सुरू झालं. आतली आग विझवणारी यंत्रणा चालली, पण सेलमधून निघालेला ज्वालाग्राही वायू बंद खोलीत साठत राहिला. काही तासांनी जवानांनी दार उघडलं आणि स्फोट झाला. अनेक जवान गंभीर जखमी झाले. तेव्हापासून या धंद्याची दिशा बदलली: वायू साठू द्यायचा नाही, आणि माणूस आत शिरेल अशी खोली ठेवायचीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगला मोठी आग लागली आणि हजाराहून जास्त लोकांना घरं सोडायला लागली. तिथल्या बॅटऱ्या निकेल-कोबाल्ट प्रकारच्या होत्या आणि जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत एकाच छताखाली रचलेल्या होत्या.

आज आपल्याकडे येणारे कंटेनर बहुतेक एलएफपी म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारचे असतात. ते भडकायला तुलनेनं अवघड आहेत, त्यांत निकेल-कोबाल्ट नाही आणि प्रत्येक कंटेनर मोकळ्यावर वेगळा उभा असतो. अवघड म्हणजे अशक्य नव्हे. म्हणून पुरवठादाराकडून यूएल ९५४०ए चाचणीचा पूर्ण अहवाल मागा. प्रमाणपत्राचं पान नको, अहवाल हवा. एक सेल मुद्दाम पेटवल्यावर शेजारचा सेल, शेजारचा मोड्यूल आणि शेजारचा कंटेनर यांचं काय झालं ते त्यात असतं. कंटेनरमधलं अंतर त्यावरून ठरतं. वायू ओळखणारे सेन्सर, वायू बाहेर काढणारे पंखे आणि स्फोटाचा दाब छपरातून वर सोडणारी झडप, हे तिन्ही हवेत.

एक गोष्ट सोलरवाल्यांच्या पचनी पडायला वेळ लागतो. सोलर पॅनेल रात्री मरतं, बॅटरी कधीच मरत नाही. मेन ब्रेकर पाडला तरी आतल्या रांगेत तेराशेहून अधिक व्होल्ट डीसी जिवंत असतं.

गावाला याचा अर्थ असा: अग्निशमन बंब तालुक्याच्या नगरपरिषदेतून किंवा एमआयडीसीतून येणार, आणि त्याला अर्धा-पाऊण तास लागणार. तो आल्यावरही पेटलेला कंटेनर विझवत बसायचं नाही. तो जळू द्यायचा आणि शेजारच्यांवर पाणी मारून ते थंड ठेवायचे. दार उघडायचं नाही. त्या जवानांना काम सुरू होण्याआधी साइटवर बोलवा आणि ही माहिती मराठीत, एका पानावर, गेटवर आणि पोलिस पाटलांकडे लावून ठेवा. साइटवर पाण्याची मोठी टाकी हवी, आणि मारलेलं पाणी ओढ्यात न जाता एका खड्ड्यात साठेल असा उतार हवा. बोअरचं पाणी खराब होईल का, या प्रश्नाचं उत्तर तो खड्डा आहे.

पायरी ५: माती, पाणी, मोरी

मराठवाडा-विदर्भातली काळी माती शेतकऱ्याला सोनं आणि फाउंडेशनवाल्याला ताप. मेमध्ये हात आत जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत फुगलेला चिखल. त्यावर चाळीस-पंचेचाळीस टनांचा कंटेनर ठेवला आणि एक कोपरा बसला, तर दारं लागत नाहीत, केबल आत शिरते तिथले ग्लँड ताणतात, थंड पाण्याच्या पाइपचे सांधे गळतात. काळी माती पूर्ण काढून मुरूम भरा किंवा पाया कठीण थरापर्यंत न्या. फाउंडेशनचा माथा शेजारच्या ओढ्याच्या पुराच्या खुणेच्या वर ठेवा. ती खूण कुठल्या अहवालातही मिळेल, पण आधी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा. सर्वांत मोठ्या पुराचं पाणी कुठल्या बांधापर्यंत आलं होतं, तो चालत जाऊन दाखवतो.

उलट, खाली काळा कातळ असेल तर अर्थिंग अवघड. जमिनीचा विद्युत रोध उन्हाळ्यात मोजा, पावसाळ्यात मोजला तर खोटा दिलासा मिळतो.

आता मोरी. कंटेनर न्हावा शेव्याहून किंवा मुंद्र्याहून येणार. महामार्गापर्यंत अडचण नाही, शेवटचे पाच-सहा किलोमीटर बघा. ग्रामसडकेवरची जुनी फरशी, ओढ्यावरचा पाइपचा पूल, वळणावरचं वडाचं झाड, रस्त्यावर आडव्या लोंबणाऱ्या एलटीच्या तारा. ट्रेलर आणि कंटेनर मिळून वजन साठ टनांच्या घरात जातं. तेवढं घेऊन मोरी खचली तर गावाचा एकमेव रस्ता बंद, आणि तोही कदाचित कारखान्याचा हंगाम चालू असताना, उसाच्या ट्रॉल्या मागं अडकलेल्या. रस्त्याचं सर्वेक्षण बांधकाम विभागाच्या अभियंत्याला घेऊन करा आणि मोऱ्या कंपनीच्या खर्चानं आधीच मजबूत करा. गावाच्या नजरेत तुमची किंमत वाढवणारं यापेक्षा स्वस्त काम दुसरं नाही.

पायरी ६: कंटेनर

आत काय असतं ते एकदा नीट बघून घ्या. सध्याचा प्रचलित सेल ३१४ अँपिअर-तासाचा आणि ३.२ व्होल्टचा, साडेपाच किलोच्या आसपास, जाड शब्दकोशाएवढा. गुणाकार करा: एका सेलमध्ये एक युनिट वीज. असे ४१६ सेल एकामागोमाग जोडले की १,३३१ व्होल्टची एक रांग होते. अशा १२ रांगा वीस फुटी कंटेनरमध्ये, म्हणजे सुमारे ५ मेगावॅट-तास. नुकसान आणि पुढची झीज धरून २०० मेगावॅट-तासांच्या प्रकल्पाला असे पंचेचाळीसेक कंटेनर लागतात. प्रत्येक सेलचं तापमान आणि व्होल्टेज बीएमएस बघत असतो, भरायचं-सोडायचं कधी ते ईएमएस ठरवतो, आणि डीसीचं एसी पीसीएस करतो.

ऑर्डर देताना तापमानाचा तक्ता मागा. ४५ अंशांच्या वर बाहेरची हवा गेली की पीसीएस किती क्षमता कमी करतो? सेल थंड ठेवणारा चिलर किती वीज खातो? चंद्रपूर, जळगावच्या उन्हाळ्यात हे पुस्तकी प्रश्न नाहीत. ८५ टक्क्यांचा हिशेब इथंच फसतो.

आणि कंटेनर साइटवर येण्याआधी चिलर चालवायला वीजजोडणी तयार ठेवा. सेल अर्धवट भरलेले येतात. सबस्टेशनचं काम रखडलं म्हणून ते एप्रिल-मेमध्ये महिनोन् महिने विनावीज उन्हात उभे राहिले, तर हमीपत्रातली साठवणुकीची अट मोडते आणि पुरवठादार हात वर करतो. महावितरणची तात्पुरती जोडणी वेळेत मागा. डिझेल जनरेटरवर पंचेचाळीस चिलर चालवून बघा म्हणजे खर्च कळेल.

बसवणं सोपं आहे. चांगली क्रेन आणि कोरडी जमीन असेल तर दिवसाला तीन-चार कंटेनर सहज बसतात.

पायरी ७: चाचणी, इथं घाई नको

विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि यंत्रणेत वीज सोडायची परवानगी, बिघाड होताच वीज तोडायला लावणाऱ्या रिलेंची चाचणी, मीटर, ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राशी स्काडा (दुरून देखरेखीची) जोडणी, मग क्षमता चाचणी आणि ८५ टक्क्यांची चाचणी. क्रम साधारण हाच.

धोका मात्र मधल्या काळात असतो. ३० जुलै २०२१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहराजवळ व्हिक्टोरियन बिग बॅटरी चाचणीच्या काळातच पेटली. एका युनिटमध्ये शीतकाचं पाणी गळून शॉर्टसर्किट झालं. ते युनिट त्या दिवशी वापरात नव्हतं म्हणून किल्लीनं बंद केलेलं होतं, आणि बंद केल्यामुळे त्याची देखरेख व काही संरक्षणंही बंद पडली होती. गळतीचा इशारा कुणाला मिळालाच नाही. जोराच्या वाऱ्यानं आग शेजारच्या युनिटवर गेली. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही.

म्हणून चाचणी सुरू करायच्या आधी एक नियम करा: सेल कंटेनरमध्ये असेपर्यंत बीएमएसची माहिती चोवीस तास कुणाच्या तरी पडद्यावर दिसलीच पाहिजे, कंटेनर चालू असो वा नसो. निविदेची तारीख जवळ आली की सगळ्यात आधी याच नियमाला सूट मागितली जाते. मागणारा वरिष्ठ असला तरी देऊ नका.

पायरी ८: चालवणं

यावर फार लिहिण्यासारखं नाही. फिल्टरची धूळ, ज्वारी-बाजरीच्या मळणीच्या दिवसांत तर आठवड्याला. कुंपणालगतचं गवत कापणं, विशेषतः फेब्रुवारीनंतर, कारण बांध जाळण्याची पद्धत अजून गेलेली नाही. थर्मल कॅमेऱ्यानं जोड तपासणं. शीतकाची पातळी. छत्तीसगडमध्ये राजनांदगावला सौर प्रकल्पाला जोडलेली ४० मेगावॅट / १२० मेगावॅट-तासाची बॅटरी फेब्रुवारी २०२४ पासून चालू आहे. तिथलं ऊन आणि धूळ विदर्भासारखीच आहे. देखभालीची माणसं तयार करायची असतील तर परदेशी प्रशिक्षणाआधी अशी साइट दाखवून आणा.

पायरी ९: काढून नेणं, आणि ते भाडेपट्ट्यात आज लिहिणं

करार बारा-पंधरा वर्षांचा असतो. वापरून झालेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे उत्पादकावर आहे, आणि आयात करणाराही त्यात उत्पादक धरला जातो. पण तोपर्यंत कंपनी दोनदा विकली गेलेली असू शकते. शेतकऱ्यानं नुसत्या नियमावर विसंबू नये.

भाडेपट्ट्यात चार कलमं लिहून घ्या. कंपनीची मालकी बदलली तरी सगळ्या अटी नव्या मालकावर बंधनकारक. मुदत संपल्यावर ठरलेल्या महिन्यांत सगळे कंटेनर आणि केबल बाहेर, तोपर्यंत भाडं चालू, तेही वाढीव. काढण्याच्या खर्चाएवढी बँक हमी, पाचव्या-सहाव्या वर्षापासून, शेतकऱ्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावानं. आणि फाउंडेशन जमिनीखाली किमान एक मीटरपर्यंत फोडून, मुरूम काढून, वरची काळी माती परत पसरून द्यायची. पायरी ५ मध्ये काढलेली ती माती शेताच्या एका कडेला ढीग घालून, त्यावर गवत लावून जपून ठेवायची हेही त्याच कलमात घाला. नाहीतर ती पहिल्याच महिन्यात वीटभट्टीवाल्याला विकली जाते.